गणिताचं बी.एड. आणि स्कॉलरशिप : बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी पायरी-पायरीने

कर्नाटकच्या स्कॉलरशिप पोर्टलवर तुमची मेथड, म्हणजे बी.एड.ला शिकवण्यासाठी निवडलेला विषय, गणिताची आहे की इतिहासाची, याला काही महत्त्व नाही. पैसे मिळतात ते प्रवर्ग, उत्पन्न, आईवडिलांचा व्यवसाय आणि बोर्डाचे मार्क पाहून. शिवाय प्रवेश कुठल्या कोट्यातून घेतला हेही पाहिलं जातं. त्यामुळे निम्मी बाजी अर्ज उघडायच्या आधीच लागलेली असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली मुलं अर्ज वेळेत भरतात, पण कॉलेज चुकीच्या कोट्यातून घेतलेलं असतं. कधी दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव दोन वेगळ्या माणसांची वाटतात. म्हणून सुरुवात रस्ता ठरवण्यापासून करू.

पीयूसीनंतर (बारावीनंतर) दोन रस्ते

पहिला नेहमीचा. तीन वर्षं बी.एस्सी. आणि मग दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं बी.एड. म्हणजे एकूण पाच वर्षं. दुसरा रस्ता चार वर्षांच्या एकात्मिक बी.एस्सी.-बी.एड.चा, ज्याला आता आयटेप म्हणतात. एक वर्ष वाचतं, शिवाय पदवीनंतर पुन्हा प्रवेशाची धावपळ नाही.

आयटेपसाठी आपल्या भागाला लागू असलेली मोठी संस्था म्हणजे एनसीईआरटीची म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था, आरआयई. मराठी माध्यमाच्या मुलांच्या घरी बऱ्याचदा भोपाळचं नाव निघतं, कारण महाराष्ट्रातल्या ओळखीच्या कुणाची मुलगी तिथे शिकत असते. पण भोपाळचं केंद्र महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी आहे. कर्नाटक म्हैसूरच्या वाट्याला येतं. मातृभाषेमुळे यात काही फरक पडत नाही.

प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था, एनटीए, घेते ती एनसीईटी परीक्षा द्यावी लागते. प्रश्नपत्रिका तेरा भाषांत निघते आणि त्यात मराठीही आहे, कन्नडही. मात्र भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते, नंतर विनंती करून उपयोग नाही. विषय निवडताना गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तिन्ही घ्या. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तारखेमुळे. या परीक्षेचे अर्ज काही वर्षी पीयूसीचा निकाल लागायच्या आधीच निघतात आणि बंदही होतात. अशा वेळी ‘निकाल बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलं.

बी.एस्सी.-बी.एड. या रस्त्याने जाणार असाल तर पदवीचे विषय आत्ताच नीट पाहा. कर्नाटकात हायस्कूलच्या गणिताची जागा बहुधा ‘पीसीएम’ (भौतिक, रसायन, गणित) म्हणून निघते, म्हणजे एकच शिक्षक गणित आणि भौतिक विज्ञान शिकवतो. सीबीझेड (रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) घेतलेल्याला बी.एड. मिळेल, पण गणिताची मेथड मिळणार नाही. २०२१ ते २०२३ या काळात नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाखाली (एनईपी) पदवीला प्रवेश घेतलेल्यांचे मुख्य विषय दोनच होते. अशांनी मेथड निवडण्याआधी शिक्षक भरतीच्या नियमातली विषयांची अट वाचून घ्यावी. स्कॉलरशिप मिळाली आणि पुढे जागेलाच अपात्र ठरलात, तर त्या पैशाचा काय उपयोग?

बी.एड.साठी पदवीला किमान ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातल्या प्रवर्ग १ साठी ही अट ४५ टक्के आहे. इंजिनिअरिंग करून इकडे वळणाऱ्यांना ५५ टक्के हवेत.

सरकारी कोटा की मॅनेजमेंट

बी.एड.च्या सरकारी कोट्यातल्या जागा शालेय शिक्षण खात्याच्या केंद्रीय प्रवेश कक्षामार्फत ऑनलाइन भरल्या जातात, खाजगी कॉलेजांतल्या सरकारी वाट्याच्या जागासुद्धा. कागदपत्रांची तपासणी डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होते. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत आणि दोन्हींची डाएट वेगळी आहे. खानापूरचा विद्यार्थी बेळगावला जाईल, निपाणीचा चिक्कोडीला.

यादीत नाव लागायला महिना-दीड महिना जातो आणि तोवर कॉलेजकडून ‘सीट संपतील’ असा फोन येतो. घाबरून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की शुल्क परताव्याचा हिशोबच बदलतो. मॅनेजमेंटच्या जागेवर सरकार फी परत देईल असं धरून चालू नका. प्रवेशाच्या पावतीवर कोटा स्पष्ट लिहून घ्या, कारण अर्जात तोच भरावा लागतो. सरकारी जागा मिळण्याइतके मार्क असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांपर्यंत थांबणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.

तुमच्या घराला काय लागू होतं

कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३ब प्रवर्गात येतो. मागासवर्ग कल्याण खात्याच्या, गावाकडच्या भाषेत ‘बीसीएम’ ऑफिसच्या, योजना त्याला लागू होतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शुल्क सवलत आणि विद्यासिरी या त्यातल्या मुख्य. विद्यासिरी म्हणजे हॉस्टेल न मिळालेल्यांना जेवणा-राहण्यासाठी मदत. मूळ दर महिन्याला १,५०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. घर आणि कॉलेज यात किमान ५ किलोमीटर अंतर लागतं. नंदगड, जांबोटी, कणकुंबीकडून बेळगावला येणाऱ्यांना ही अट अडचणीची नाही, शहरातल्या शहरात राहणाऱ्यांना आहे. बीसीएम हॉस्टेलमध्ये जागा मिळाली असेल तर विद्यासिरी मिळत नाही.

उत्पन्नाची मर्यादा हे या योजनांचं खरं दार आहे. प्रवर्ग १ साठी ती २.५ लाख, तर २अ, ३अ आणि ३ब साठी बरीच वर्षं १ लाख रुपये राहिली आहे. त्या वर्षीच्या अधिसूचनेतला आकडा पाहूनच पुढे चला. ३ब मधल्या मुलाच्या दाखल्यावर १ लाख २० हजार लिहिलेलं असेल आणि मर्यादा १ लाख असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज आपोआप बाद होतो. तलाठ्याच्या चौकशीवेळी कुटुंबाचं खरं उत्पन्न नीट सांगा. शेतीचं निव्वळ उत्पन्न सांगायचं सोडून कारखान्याला घातलेल्या उसाचं पूर्ण बिल सांगणारे बरेच असतात. त्यात लागवडीचा खर्च आणि सोसायटीचं कर्ज वजा झालेलं नसतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने कॉलेजला भरायची असते. ‘स्कॉलरशिप आली’ म्हणून ती घरात खर्च झाली, तर सेमिस्टरच्या हॉलतिकिटाच्या वेळी कॉलेज फी मागतं आणि तेव्हा जवळ काही नसतं.

जैन, ख्रिश्चन आणि मुस्लिम विद्यार्थ्यांचा अर्ज अल्पसंख्याक संचालनालयाकडे जातो, बीसीएमकडे नाही. चिक्कोडी-निपाणी पट्ट्यातल्या जैन घरांत हा गोंधळ नेहमीचा आहे, कारण जातीच्या यादीत ३ब दिसतं आणि मुलगा बीसीएमच्या ऑफिसात चकरा मारत राहतो. बी.एड. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी या संचालनालयाने वेगळं प्रोत्साहन अनुदानही जाहीर केलेलं आहे, त्याची अधिसूचना स्वतंत्र निघते. ब्राह्मण विद्यार्थ्यांनी राज्य ब्राह्मण विकास मंडळाची सांदीपनी योजना पाहावी.

शेतकऱ्याच्या मुलांसाठी रयत विद्यानिधी ही योजना २०२१ साली सुरू झाली. सुरुवातीचे दर असे : साध्या पदवीला मुलांना ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये, कायदा, फार्मसी, नर्सिंगसारख्या व्यावसायिक कोर्सला ७,५०० आणि ८,०००, पदव्युत्तरला १०,००० आणि ११,०००. तुमचं बी.एड. कुठल्या गटात मोजतात ते त्या वर्षीच्या आदेशात पाहा. ही योजना ‘एफआयडी’ म्हणजे शेतकरी ओळख क्रमांकावर चालते, जो रयत संपर्क केंद्रात मिळतो. इथे सीमाभागातली मोठी अडचण म्हणजे जमीन अजून आजोबांच्या नावावर. उताऱ्यावर वडिलांचं नाव नाही, म्हणून एफआयडी नाही, म्हणून पैसे नाहीत. वारसा नोंद लावायला महिने जातात, तेव्हा बी.एड.चा विचार पक्का होताच हे काम हातात घ्या.

निपाणी आणि आसपासच्या घरांसाठी एक वेगळी वाट आहे, आणि ती फार कमी जण धरतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शैक्षणिक मदत नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते. पदवीला वर्षाला ६,००० आणि व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये. घरी विड्या वळणाऱ्या आईचं कामगार ओळखपत्र आणि किमान सहा महिन्यांची सेवा हे लागतं. बऱ्याच बायकांनी वर्षानुवर्षं विड्या वळल्या, पण कार्ड नणंदेच्या किंवा सासूच्या नावावर राहिलं, अशी घरं कमी नाहीत. कार्ड आई किंवा वडिलांच्याच नावावर हवं.

मार्कांवर मिळणारे पैसे

पीयूसीला विज्ञान शाखेत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती घ्या. पहिली तीन वर्षं १२,००० रुपये, आणि व्यावसायिक किंवा एकात्मिक कोर्स असेल तर चौथ्या वर्षी २०,०००. आयटेप करणाऱ्याला चार वर्षांत ५६,०००, साधी बी.एस्सी. करणाऱ्याला तीन वर्षांत ३६,०००. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. पुढे दरवर्षी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी राखली तर नूतनीकरण होतं. ही शिष्यवृत्ती बी.एस्सी.ला मिळाली म्हणून बी.एड.लाही चालू राहील असं समजू नका.

बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर-शी ही विज्ञान शिष्यवृत्ती आहे : वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. गणित हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करणाऱ्याला ती लागू होते. एकात्मिक बी.एड.ला लागू होईल असं गृहीत धरून म्हैसूर निवडू नका. ८०,००० चा हिशोब असेल तर बी.एस्सी.चा रस्ता आधी तपासा.

मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला ३०,००० रुपयांची मदत आहे. तिची अट कडक आहे : दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून झालेली हवी. सीमाभागातली बरीच मराठी हायस्कूल अनुदानित खाजगी आहेत. अनुदान सरकारचं असलं तरी शाळा सरकारी होत नाही. शिवाय ही मदत पहिल्या पदवीसाठी आहे, पदवीनंतरच्या बी.एड.साठी नाही.

एकावेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. केंद्रीय क्षेत्र घेणाऱ्याला राज्याची मॅट्रिकोत्तर चालत नाही. दोन्हीकडे अर्ज करून ‘येईल ती घेऊ’ म्हणणाऱ्यांचं आधार दोन्ही पोर्टलवर दिसतं आणि एक अर्ज अडकतो, कधी दोन्ही. कुठली रक्कम मोठी ते आधीच बेरीज करून ठरवा. फी परताव्यासह मॅट्रिकोत्तर बऱ्याचदा १२,००० पेक्षा जास्त पडते.

कागद : इथेच सगळं अडतं

नाव. एसएसएलसी म्हणजे दहावीच्या मार्क्सकार्डावर ‘पाटील सागर मारुती’, आधारवर ‘सागर मारुती पाटील’, बँकेत ‘सागर एम. पाटील’. माणसाला हे एकच नाव वाटतं, सॉफ्टवेअरला तीन. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच : जाधव, चौगुले, अश्विनी या नावांत एखादं अक्षर हमखास मागेपुढे होतं. पाया एसएसएलसीचं कार्ड धरा. त्यातली दुरुस्ती बोर्डाकडून करावी लागते आणि वेळ खाते, म्हणून आधार त्याच्याशी जुळवून घ्या. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. सायबरवाल्याला घाईत सांगून एक संधी वाया घालवू नका. कागद समोर ठेवून अक्षर-अक्षर तपासा.

लग्न झालेल्या विद्यार्थिनींचं प्रकरण वेगळं. बी.एड.ला त्या बऱ्याच असतात. आधारवर सासरचं नाव, मार्क्सकार्डावर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. उत्पन्नाच्या बाबतीत केंद्राच्या मॅट्रिकोत्तर नियमात लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. वडिलांच्या नावावर काढलेला जुना दाखला जोडला की तपासणीत आक्षेप येतो. जातीचा दाखला मात्र माहेरच्या जातीवरूनच.

दाखले नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून निघतात, अर्ज ग्रामवन, बेळगाव वन या सेवा केंद्रांत किंवा ऑनलाइनही करता येतो. अनुसूचित जाती-जमातीला फॉर्म डी, प्रवर्ग १ ला फॉर्म ई, २अ ते ३ब ला फॉर्म एफ. फॉर्म एफ मध्ये जात आणि उत्पन्न एकाच दाखल्यात येतं आणि तो पाच वर्षं चालतो. उत्पन्नाचा दाखलाही पाच वर्षांचा. पीयूसीच्या पहिल्या वर्षी काढलेला दाखला बी.एड.च्या वर्षी संपलेला असतो, हे गणित मनातल्या मनात करून ठेवा. पोर्टलला कागदाचा फोटो नको असतो, त्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक हवा असतो. हा क्रमांक टाकला की नाव आपोआप येतं. ते आधारशी जुळलं नाही तर तिथेच थांबा, पुढे रेटू नका.

महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे चालत नाही आणि इथला तिकडे चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आजोळ असणाऱ्या काहींकडे दोन्ही असतात. त्यातला राहत्या राज्याचाच वापरा.

बँक खातं. पैसे आधारमार्गे येतात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, तिथे ते जमा होतात. मोबाइल रिचार्जच्या दुकानात सहज उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याकडे पैसे वळलेले असतात आणि मुलगा कॅनरा बँकेत पासबुक भरून बघत असतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, अर्जाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा पाहा. पतसंस्था किंवा सोसायटीतलं खातं यासाठी चालत नाही. शाळेत काढलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर निष्क्रिय झालेलं असू शकतं. शाखेत जाऊन केवायसी द्या आणि शंभर रुपये भरून काढा, म्हणजे ते जागं होईल.

एसएसपीवर अर्ज

राज्याच्या बहुतेक योजना एकाच पोर्टलवर आहेत, स्टेट स्कॉलरशिप पोर्टल म्हणजे एसएसपी. पानं कन्नड आणि इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्यांदा इंग्रजी पान उघडून सगळे रकाने वहीत उतरवून घ्यावेत, माहिती गोळा करावी आणि मगच भरायला बसावं. अर्ध्यात उठून ‘वडिलांचा आधार कुठाय’ म्हणून घरी फोन लावण्यात वेळ संपते.

पीयूसी किंवा पदवीत कधी अर्ज केला असेल तर खातं आधीच आहे. नवीन काढायला गेलात की ‘नोंद अस्तित्वात आहे’ असं येतं. जुना आयडी ‘विसरलो’ या पर्यायाने आधारच्या ओटीपीवर परत मिळतो. म्हणून आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो बहुधा वडिलांचा जुना नंबर निघतो.

मग कागदांचं ई-साक्षांकन. मार्क्सकार्ड, फी पावती, अभ्यास दाखला अपलोड करायचे आणि कॉलेजमधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला मूळ प्रती दाखवायच्या. तो मान्य करतो आणि क्रमांक मिळतो. प्रत्येक कॉलेजात हा माणूस ठरलेला असतो, पण ठरलेल्या वेळी जागेवर असतोच असं नाही. शेवटच्या आठवड्यात त्याच्या दारात रांग लागते.

अर्ज भरताना विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक लागतो, आपल्याकडे राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. पहिल्या वर्षी तो उशिरा मिळतो आणि अर्जाची मुदत सुरू झालेली असते. कॉलेजच्या ऑफिसला त्याची आठवण करून देत राहा. दुसऱ्याच कोर्सचा जुना क्रमांक टाकून अर्ज भरू नका. पोर्टल तुम्हाला अजून बी.एस्सी.त समजतं आणि तपासणीत कोर्स बदलल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

फीच्या रकान्यात पावतीवरचीच रक्कम, विभागणीसह. शिकवणी फी, परीक्षा फी, प्रयोगशाळा हे वेगवेगळे लिहा. बस, गणवेश, ‘विकास निधी’ यांचा परतावा होत नाही आणि ते घातले तर आकडा जुळत नाही. हॉस्टेलमध्ये नसाल तर ‘नाही’ निवडा, तरच विद्यासिरीचा पर्याय खुला होतो. वडिलांचा किंवा आईचा आधार आणि रेशनकार्ड क्रमांक हाताशी ठेवा, रयत विद्यानिधी त्यावरूनच ओळखली जाते.

सादर केल्यावर पोच छापून घ्या. पण सादर केलेला अर्ज म्हणजे मंजूर अर्ज नव्हे. त्याला कॉलेजची मंजुरी लागते, मग तालुका आणि जिल्हा पातळीची. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा. ‘कॉलेजकडे प्रलंबित’ असं महिनाभर दिसत असेल तर प्राचार्यांना भेटा. पैसे निघाले की नाही हे डीबीटी कर्नाटक या मोबाइल अॅपवर दिसतं, कुठल्या खात्यात गेले तेही.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पद्धत थोडी वेगळी आहे. आधी एकवेळची नोंदणी, त्याचा १४ आकडी क्रमांक, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवणं. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत चेहरा धरून बसू नका. कॉलेजचं नाव यादीत नसेल तर कॉलेजने आपली नोंदणी केलेली नाही, आणि ते काम विद्यार्थी करू शकत नाही.

पैसे कधी येतात आणि दुसरं वर्ष

प्रवेशाच्या वेळी फी भरायची असते, स्कॉलरशिप बहुधा वर्ष संपता संपता येते. काही वेळा पुढच्या वर्षी. म्हणून पहिल्या वर्षाची फी, प्रवास, पाठ-टाचणांच्या वह्या आणि शैक्षणिक साहित्याचा खर्च स्वतःच्या बळावर उभा करा आणि स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षाच्या फीला धरा. या क्रमाने हिशोब केला तर कर्ज काढायची वेळ कमी येते.

बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे शाळेतला अनुभव असतो, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. त्या काळात तुम्ही कॉलेजात नसता, आणि नेमकी तेव्हाच नूतनीकरणाची मुदत, ई-साक्षांकन, बँकेची कामं येतात. कुठल्या शाळेत जायचं ठरताच कॉलेजच्या ऑफिसला मोबाइल नंबर देऊन ठेवा. इंटर्नशिपला ९० टक्के आणि बाकी अभ्यासक्रमाला ८० टक्के हजेरी लागते. ती चुकली तर परीक्षेला बसता येत नाही आणि नूतनीकरणाचाही प्रश्न उरत नाही. एखादा विषय राहिला म्हणून नूतनीकरण थांबलं, तर कोणत्या अटीवर पुन्हा सुरू होतं हे बीसीएम ऑफिसला विचारून घ्या.

एक अट पुढच्या वाटेसाठी महत्त्वाची. केंद्राच्या काही मॅट्रिकोत्तर योजनांच्या नियमांत एका व्यवसायाचं शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या व्यवसायाच्या कोर्सला गेलेल्याला शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि त्याचं उदाहरण म्हणून बी.एड.नंतरची एलएल.बी. दिलेली आहे. एम.एस्सी. करून बी.एड.ला येणाऱ्यांनी आपण बसतो की नाही हे प्रवेशाआधीच तालुका कार्यालयाला लेखी विचारावं.

कोल्हापूरला बी.एड. करायचं असेल तर

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे आणि भाषाही आपली. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी वेगळा उमेदवार प्रकार ठेवलेला असतो. त्याला साधारणपणे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : दहावी किंवा बारावी सीमाभागातून झाली आहे आणि मातृभाषा मराठी आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे का तेही पाहा. बी.एड. सीईटीच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दाखल्याचा जो नमुना छापला असेल, त्याच नमुन्यात तो घ्या. वेगळ्या मजकुराचा दाखला तपासणीत बाजूला ठेवतात.

स्कॉलरशिपच्या बाबतीत मात्र हा रस्ता खडतर आहे. ३ब इकडचं, त्याला तिकडे आरक्षण नाही. महाडीबीटी या तिकडच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजनांना महाराष्ट्राचं अधिवास लागतं, सीमाभागाला सवलत आहे का हे त्या-त्या योजनेच्या शासन निर्णयात शब्दशः वाचा. त्यामुळे कोल्हापूरचा निर्णय फी स्वतः भरता येईल या तयारीनेच घ्या. बीदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद, बसवकल्याणच्या विद्यार्थ्यांनी अजून एक विचार करावा. राज्यघटनेतल्या, कल्याण कर्नाटक भागासाठीच्या कलम ३७१(जे)चा प्रवेशातला आणि नोकरीतला लाभ त्यांना आहे, बेळगावला नाही. तो सोडून महाराष्ट्रात जायचं कारण भक्कम हवं.

अर्ज नाकारला तर

आधी कारण वाचा, ते पोर्टलवर लिहिलेलं असतं. नाव जुळत नाही, उत्पन्न जास्त, खातं जोडलेलं नाही, कॉलेजने चुकीचा कोर्स निवडला, ही नेहमीची चार. पहिलं आणि तिसरं तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. चौथं कॉलेजने करायचं असतं, आणि त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. दुसऱ्यात दाखला चुकीचा निघाला असेल तरच नाडकचेरीत नवीन अर्ज करा.

तोंडी सांगून काही होत नाही. तालुका अधिकाऱ्याच्या नावे एक पानी अर्ज लिहा. शक्य असेल तर कन्नडमध्ये, नसेल तर इंग्रजीत, कारण ज्याच्या टेबलावर तो जाणार त्याला तो वाचता यायला हवा. त्यात एसएसपी आयडी, आरडी क्रमांक, कॉलेजचं नाव, कोर्स आणि वर्ष, नाकारल्याचं कारण जसंच्या तसं आणि आपण काय दुरुस्त केलं ते लिहा. सोबत दुरुस्त कागदाची प्रत आणि पोर्टलच्या पानाची छापील प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या आणि पोर्टल परत उघडेपर्यंत ती जपून ठेवा.